लुसेलाचा आवाज

बॉटम हाउस, प्रॉव्हिडेन्सिया बेट
४ मार्च १९७९

प्रिय रॅन्सफर्ड,

तुझी दोन्ही पत्रं आणि कॅसेट एकदमच पोचली. बोट इंजिनाच्या दुरुस्तीसाठी कार्ताहेनाला अडकून पडली होती, त्यामुळे इथे बरेच दिवस ना कांदे, ना टपाल. ‘कॅसेट ऐकून लुसेला काय म्हणाली ते सगळ्यात आधी लिही’ असं तू दोन्ही पत्रांत बजावलंयस, तेव्हा आधी तेच.

शेजारच्या मिस इमोजीनचा टेपरेकॉर्डर मागून आणला. तुझं गाणं सुरू झालं आणि तुझ्या मम्माने डोळ्याला पदर लावावा तसा एप्रन लावला. “पोरगा वाळलाय माझा! आवाजावरून कळतं मला.” लुसेलाने दोन्ही तळवे टेपरेकॉर्डरवर टेकवले आणि गाणं संपेपर्यंत जागची हलली नाही. मी बंद केला, तर माझा हात धरून पुन्हा बटणापाशी नेला. इतकं आवडलं बघ तिला.

बोलणं अजून म्हणावं तसं सुरू नाही. मम्मा म्हणते, “तू तिच्याशी स्पॅनिश बोलतेस, आम्ही आमची बेटावरची इंग्रजी. पोरीने ऐकावं तरी कुणाचं? तिने संप पुकारलाय.” अडीच वर्षांची झाली, आता बोलेलच. हट्टी मात्र आहे हं. खेळात रमली की हाका मारून मारून घसा सुकला तरी मान वळवत नाही. परवा माझ्या हातून रिकामी कढई तिच्या मागेच पडली. कुत्रं शेपूट घालून पळालं, आणि ही आपली शिंपले रचतेय! तुझ्यावर गेलीय, दुसरं काय. दिवसभर तुझ्या एल्व्हायरा आत्याच्या अंगणात असते. तिथून उचलून आणली की घर डोक्यावर घेते.

तू जेवत जा नीट. मम्माच्या डोक्यातून ‘वाळलाय’ काही जात नाही.

तुझी,
नोएमी

*

न्यू ऑर्लिन्स बंदर
१ एप्रिल १९७९

माझी नोएमी,

तळवे टेकवले! अगं, तिला माझा आवाज मुठीत धरायचा होता. मी हे पत्र इंजिनरूममधल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचा फिलिपिनो जोडीदार बेनिग्नो म्हणाला, “तुझं गाणं ऐकून तिला वाटलं असेल, खोक्यात बकरा अडकलाय.” जळतो मेला. त्याला तीन मुलगे आहेत.

आता नीट ऐक. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, आम्ही बंदरात असू. सकाळी मी तुमच्या टेलिफोन कचेरीत फोन लावतो. लुसेलाला घेऊन ये. मला काही मोठं भाषण नकोय, तिने फक्त ‘पापा’ म्हणायचं. चार महिन्यांची होती ती मी निघालो तेव्हा, नुसतं ‘आ आ’ करायची. तेवढा एक शब्द ऐकला की उरलेलं कंत्राट मी पोहत पूर्ण करीन.

तिला आतापासून शिकवून ठेव. रोज झोपताना म्हणून घे.

तुझा,
रॅन्सफर्ड

*

न्यू ऑर्लिन्स बंदर
१६ एप्रिल १९७९

नोएमी, नोएमी!

“पापा, घरी ये.” तीन शब्द! मी एक मागितला होता. केवढा खणखणीत आवाज आहे गं! आणि मला उगीच घाबरवून ठेवलं होतंस, बोलत नाही म्हणून. फोन ठेवल्यावर मी दोरांच्या ढिगावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. बेनिग्नोने मला कॉफी आणून दिली आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

तू एवढी गप्प का होतीस? लाइनवर खरखर होती की तूही रडत होतीस?

तिच्यासाठी बोलणारी बाहुली घेतली आहे. पोटात कळ आहे, दाबली की गाते. लिहीत राहा.

रॅ.

*

बॉटम हाउस
८ जुलै १९७९

प्रिय रॅन्सफर्ड,

तुझी पुढची चार पत्रं माझ्यासमोर आहेत. चौथ्यात तू विचारलंयस की माझं काही बिनसलंय का. बिनसलंय. आधी सांगते आणि मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

तो आवाज लुसेलाचा नव्हता.

त्या दिवशी मी तिला निळा झगा घालून नेलं होतं. तुझं पत्र आल्यापासून रोज तिच्यासमोर बसून ‘पापा, पापा’ करत होते. ती माझ्या ओठांकडे बघायची आणि ओठ मिटायची-उघडायची, अगदी तसेच. आवाज यायचा नाही. तुझा फोन आला, मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला, तर तिने तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि मला परत दिला. आतून तू ओरडत होतास, “लुसे! लुसे! पापा बोल!” कचेरीतला माणूस म्हणाला, “बाई, वेळ संपत आला.” मिस इमोजीन तिच्या छोट्या शेरीलला घेऊन रांगेत उभी होती. मी काही विचार केला नाही रॅन्सफर्ड. रिसीव्हर शेरीलच्या तोंडाशी नेला आणि तिला म्हटलं, “म्हण, पापा, घरी ये.” शेरील बोलायला एका पायावर तयार असते. मिस इमोजीन माझ्याकडे बघत राहिली. तिने ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग मला घरात बसवेना. मे महिन्यात लुसेलाला घेऊन कार्ताहेनाला बहिणीकडे गेले आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिच्या पाठीमागे ढोल वाजवला. मी दचकले. ती टेबलावरच्या लाकडी बदकाशी खेळत होती. दोन्ही कान, रॅन्सफर्ड. जन्मापासून. यंत्र लावलं तर कदाचित मोठे आवाज घुमल्यासारखे जाणवतील, बोलणं नाही, असं म्हणाले. चांगले होते बिचारे, मला पाणी दिलं.

परत आले तर मम्मा धक्क्यावर उभी. माझा चेहरा बघून म्हणाली, “फेस्टससारखं?” मी मान हलवली. तुझे फेस्टस काका आणि एल्व्हायरा आत्या दोघंही असेच जन्मले हे मला लग्नापासून माहीत होतं. पण माझ्या पोटी असं होईल हे मनात आणायलाच मी तयार नव्हते. कढईची गोष्ट मी तुला गंमत म्हणून लिहिली. लिहितानाच मला शंका आली होती.

आत्याला मात्र ती रांगत होती तेव्हापासूनच कळलं होतं. मी मम्माकरवी विचारलं, “मग सांगितलं का नाहीत?” आत्याने हातांनी काहीतरी केलं. मम्मा म्हणाली, “ती म्हणते, सासरच्यांनी तुझ्या पोरीला नावं ठेवल्यासारखं झालं असतं. तू विचारायची वाट बघत होते.”

आता ऐक, एक चांगलं पण आहे. लुसेला बोलते. हातांनी. आत्याच्या अंगणात ती कधीपासूनच बोलत होती, मला वाटायचं खेळतेय. खेकडा, गरम, अजून दे, कोंबडी वाईट आहे. परवा तिने माझ्याकडे बघून काहीतरी केलं, मी आत्याकडे पाहिलं, आत्या हसून लोटपोट. लुसेला म्हणत होती, “आईला कळत नाही.” मी पण शिकतेय आता. माझी बोटं भाकरीच्या पिठासारखी जड आहेत.

मी तुला फसवलं. तुझा आनंद बघून तोंड उघडेना.

नोएमी

*

रॉटरडॅम
१९ ऑगस्ट १९७९

नोएमी,

पत्र मिळून बरेच दिवस झाले. आधी लिहिलेली दोन फाडली.

फोनचं जाऊ दे. ते मी विसरणार नाही, पण त्याच्यावर आत्ता बोलायचं नाही. बेनिग्नो रोज विचारतो, पोरगी काय म्हणते.

हातांच्या बोलण्याचं तेवढं ताबडतोब थांबव. ती भाषा मला तुझ्यापेक्षा चांगली येते. तू मुख्य भूमीची, तुला वाटतं केवढं गोड आहे. मी त्या घरात वाढलो. फेस्टस काकाशी अख्खं गाव हातांनी बोलायचं. मासे कुठे लागले, वारा कसा आहे, चर्चमध्ये कोण झोपलं, सगळं. कुणी त्याला टाकून बोललं नाही. पण आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा सगळे भाऊ ओसरीवर बसले होते आणि काका अंगणात दोर वळत होता. संपल्यावर कुणीतरी बाहेर येऊन त्याला हातांनी सांगितलं, “ती तिकडची बकऱ्यांची जागा तुझी.” काका हसला, मान हलवली. त्याला एक मुलगी आवडायची. तिच्या बापाने त्याला जेवायला घातलं आणि मुलगी दुसऱ्याला दिली. लाडका होता तो सगळ्यांचा. लाडका, बस्स.

माझी मुलगी अंगणातली लाडकी म्हणून मोठी होणार नाही. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हातांची सवय लागली की तोंडाने बोलायचे कष्ट मुलं घेत नाहीत. ओठ वाचायला शिकव. हात वर केले की खाली धर. आत्याकडे पाठवू नकोस. आत्याला वाईट वाटेल, मला माहीत आहे, तिनेच मला खांद्यावर खेळवलंय. तरीही.

हे एवढं माझं ऐक.

रॅन्सफर्ड

*

बॉटम हाउस
१४ ऑक्टोबर १९७९

रॅन्सफर्ड,

तुझं ऐकलं. काय झालं ते वाच.

आत्याच्या अंगणाकडचं दार मी लावून घेतलं. लुसेलाने हात उचलले की मी धरून खाली ठेवायचे आणि माझे ओठ दाखवायचे. पहिल्या दिवशी तिला तो खेळ वाटला. मग तिने मला चावायला सुरुवात केली. मग भिंतीवर डोकं आपटायला. मम्मा म्हणाली, “माझ्या मुलाचं डोकं ठिकाणावर आहे का?” मी म्हटलं, बापाचं ऐकायला नको? आत्या कुंपणापलीकडे कोंबड्यांना दाणे टाकत उभी राहायची आणि इकडे बघायची नाही.

नंतर लुसेला अंथरुणाला खिळली. खाईना. माझ्यापासून तोंड फिरवून रडायची. अंग गरम. रात्रभर तोंडाने श्वास घ्यायची, आणि तिच्या श्वासाला कसलीशी घाण येत होती. परिचारिका येऊन गेली, सर्दी म्हणाली. मी पट्ट्या ठेवत होते. ती मधूनच हात उचलून काहीतरी करायची आणि मी, रॅन्सफर्ड, सवयीने तो हात धरून खाली ठेवायचे. असं दोन दिवस.

शेवटी मम्मानेच दार उघडलं आणि आत्याला हाताला धरून आत आणलं. आत्या खाटेवर बसली, तिने नुसती भुवई उचलली. लुसेलाने लगेच बोटांची चिमूट करून नाकाला लावली आणि वर ढकलल्यासारखं केलं. मग शेंग सोलल्याची खूण. पुन्हा चिमूट, नाक. मला सुद्धा कळलं. तुरीचा दाणा! आम्ही अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो तेव्हा तिने नाकात घातला होता. तो आत फुगून बसला होता. परिचारिकेने चिमट्याने काढला, रक्त आलं, आणि लुसेला उठून बसली आणि पाणी मागितलं. हातांनी. ती मला दोन दिवस नेमकं सांगत होती काय होतंय ते, आणि मी तिचं तोंड दाबत होते. दुसरं काय म्हणू त्याला?

दार आता उघडं आहे आणि उघडंच राहील. रागाव.

फेस्टस काकांचं तू लिहिलंस ते वाचून मी रडले. पण नीट आठव. काकांची भाषा सगळ्यांना येत होती. ओसरीवरून कुणी हात करून बोलावलं असतं तर ते वर येऊन वाटणीबद्दल भांडले असते. बोलावलं नाही, म्हणून त्यांचे हात वाईट? मी आत्याला विचारलं, तर तिने जे सांगितलं ते मला समजावताना मम्माला दम लागला. आत्या म्हणाली, त्या दिवशी रात्री फेस्टसने दोर कापून टाकला होता, अख्खा. तुम्हा कुणाला माहीत नव्हतं हे.

तुझं एक मात्र मला पटलंय. हे अंगण तिला पुरणार नाही. तिला लिहिता-वाचता आलं पाहिजे. कार्ताहेनात माझ्या बहिणीच्या घराजवळ अशा मुलांची शाळा आहे. वर्गात ओठ वाचायला शिकवतात, आणि सुट्टीत अंगणात सगळी पोरं हातांनी बोलतात. बाई बघून न बघितल्यासारखं करतात. फेब्रुवारीत छोटा वर्ग सुरू होतो. जानेवारीत मी एकटी पुढे जाऊन खोली बघणार आहे. तोवर लुसेला मम्माकडे. आत्याला हे कळल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे माझ्याकडे बघतच नाही. तिची भाषा कळायला लागल्यावर तिचा अबोलाही कळायला लागला मला.

मी कुणाचं ऐकू रॅन्सफर्ड? तू तिकडे, आत्या इकडे. मी जिचं ऐकायचं तिचं ऐकते.

नोएमी

*

कोलोन, पनामा
२ डिसेंबर १९७९

नोएमी,

तुझं पत्र खिशात घेऊन मी इंजिनरूममध्ये उतरलो. आमच्याकडे खाली कसं असतं तुला मी कधी लिहिलं नाही. यंत्राचा आवाज एवढा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. तेव्हा आम्ही सगळे हातांनीच बोलतो. झडप बंद कर, तेल घाल, वरचा साहेब आलाय, जेवायला मासे आहेत, काल तू दारू पिऊन काय बरळत होतास. इतकी वर्षं बोलतोय आणि कधी मनात आलं नाही. त्या दिवशी बेनिग्नोने लांबून विचारलं, “काय झालं?” हातानेच. आणि मी त्याला सांगितलं. मुलगी. कान. नाही. कामाची पाळी संपल्याची खूण होईपर्यंत सांगत होतो. बेटावरच्या खुणा आपोआप येत गेल्या. त्याला निम्म्या कळल्या असतील. तो जवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

वर आल्यावर तोंडाने मला त्यातलं एक वाक्य बोलता आलं नसतं.

काकाच्या दोराचं मला माहीत नव्हतं.

कंत्राट जानेवारीअखेर संपतंय. तिसरं घ्यायला कचेरीत बोलावलं होतं, मी गेलो नाही. पहिली मिळेल ती बोट पकडतो. तू कार्ताहेनात असशील, तर आधी पोरीला भेटतो आणि घेऊन येतो. शाळेत नाव घालून ठेव.

मी तिला नको झालो तर काय करायचं, तेवढं लिही.

रॅन्सफर्ड

*

बॉटम हाउस
१० फेब्रुवारी १९८०

माझी नोएमी,

मी पोचलो. मम्माने धक्क्यावरच अंग चाचपून पाहिलं. “म्हटलं नव्हतं, वाळलाय?”

तुझं कार्ताहेनाहून आलेलं पत्र उशीखाली आहे. ‘नको झालास तर थांब, ती कंटाळून तुला हवा करून घेईल’ असं तू लिहिलंयस. थांबलो. कसा थांबलो ते ऐक.

आत्याच्या अंगणात गेलो तेव्हा लुसेला उलट्या बादलीवर बसून सुका मासा कोंबडीला दाखवून परत घेत होती. केवढी झालीय! मला बघून तिने आत्याला विचारलं, “हा कोण?” आत्या मला मिठी मारायला उठली होती, ती थबकली आणि म्हणाली, “त्यालाच विचार.” मग पोरगी माझ्याकडे वळली, हनुवटी वर करून, “कोण तू?”

बोटीवर सगळा वेळ मी तालीम केली होती. हात लाकडाचे झाले. कसंबसं सांगितलं, “तुझा बाप.”

ती म्हणाली, “नाही.” आणि तिने पाकीट फाडल्याची खूण केली, मग आतून काढून डोळ्यांसमोर धरल्याची. पुन्हा बोट हलवलं, “तू नाही.” आत्याने मला समजावलं. बाप म्हणजे तिच्यासाठी बोटीतून येणारा कागद. आई तो फाडते आणि कधी हसते, कधी रडते. तिच्या लेखी मी तोच होतो. आता कागदाला मिशा कुठून आल्या?

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. आत्याचं कुंपण दुरुस्त केलं. ती बादली सरकवत सरकवत जवळ यायची आणि मी पाहिलं की पाठ फिरवायची. चौथ्या दिवशी माझ्या अंगठ्यावर हातोडी बसली. मी जोरात ओरडलो असणार, कारण मम्मा धावत आली. पण लुसेला तिच्या आधी पोचली. तिने माझं तोंड पाहिलं, अंगठा पाहिला, आणि म्हणाली, “दुखतं. मोठं.” मी म्हटलं, “खूप मोठं.” तिने फुंकर घातली. मग विचारलं, “रडणार?” मी म्हटलं, “थोडंसं.” “रड,” म्हणाली, आणि बादली आणून शेजारी बसली.

तेव्हापासून तोंड म्हणजे हात बंद नाही बाईसाहेबांचे. सकाळी उठवून स्वप्न सांगते. मी कुठे होतो विचारते. जहाजावर म्हटलं, तर, “रोज?” रोज म्हटलं, तर, “का?” ती हे विचारायची सोडत नाही. माझ्या खुणा जुन्या झाल्यात म्हणे. चुकलो की माझी बोटं धरून एकेक वाकवून सरळ करते आणि सुस्कारा टाकते, थेट तुझ्यासारखी. ती गाणारी बाहुली आणली होती ना, तिचं पोट दाबून तळहात लावून बघितला आणि शेरीलला देऊन टाकली. शेरील खूश आहे.

काल आत्याने स्वतः तिचे कपडे धुऊन पेटीत भरले. भरताना माझ्याकडे पाठ करून उभी होती, म्हणजे मला काही बोलता येऊ नये. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, “तू पण चल.” ती म्हणाली, “माझ्या कोंबड्या?” आणि पेटीचं झाकण लावून, “सुट्टीत आणा. विसरली तर पुन्हा शिकवीन.” मी म्हटलं, “ती विसरणारी नाही.” “तिला नाही म्हटलं,” आत्या म्हणाली. “तुला.”

गुरुवारच्या बोटीने आम्ही निघतोय. धक्क्यावर येशील तेव्हा रिकाम्या हाताने ये, छत्री नको, पिशवी नको. तुला सांगायच्या गोष्टींची तिने बोटांवर उजळणी चालवली आहे, आणि मी तिच्या पाठीमागे उभा राहून चोरून बघितलं. पहिल्या सगळ्या तक्रारी माझ्याच आहेत.

तुझा,
रॅन्सफर्ड